आकाचा पहिला ब्लाउज

डिचोलीच्या बाजारात त्या काळी तयार ब्लाउज मिळत नसत. कापड घ्यायचं, शिंप्याकडे द्यायचं आणि सोबत मापाचा ब्लाउज द्यायचा, म्हणजे अंगाला नीट बसणारा एखादा जुना. मास्तर तो फळीवर पसरायचे, हातानं सुरकुत्या काढायचे आणि खांदा, मुंडा, दंड असं एकेक मापून चिठ्ठीवर लिहायचे. बाईच्या अंगाला टेप लावायची पद्धत आमच्या दुकानात नव्हती. लावली असती तर बाजारात बभ्रा झाला असता. वयात आलेल्या मुलीचा पहिला ब्लाउज असला तर तिची आई स्वतःचा किंवा थोरल्या मुलीचा घेऊन यायची आणि म्हणायची, "ह्याच्यापरास दोन बोटां आत घे." म्हणजे प्रत्येक बाईचा पहिला ब्लाउज दुसऱ्या कुणा बाईच्या ब्लाउजावरून निघालेला. तेव्हा हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तेव्हा मी फक्त हुक लावत होते.

मी देवगडच्या बाजूची. सातवी झाली आणि शाळा सुटली. मीच सोडली असं घरात सांगत, कारण तसं सांगायला बरं पडतं. माझ्या पाठचा भाऊ मात्र पुढे शिकला. थोरला डिचोलीला खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. वहिनीला बाळ झालं आणि बाळाकडे बघायला कुणीतरी हवं म्हणून मला तिकडे धाडलं. एसट्या बदलत आले तेव्हा वाटलं, आता परत जायची वाट आपल्याला सापडायची नाही. मला भीती वाटायला फारसं कारण लागत नाही. आजही नव्या दुकानात शिरायचं तर मी आधी बाहेर उभी राहून बघते.

आमची खोली खाणीच्या रस्त्याला लागून होती. भांडी घासून पालथी घातली तरी तासाभरात त्यांच्यावर लाल धूळ बसायची. शेजारी ड्रायव्हर लोकांची खानावळ होती आणि ती आका चालवायची. आका म्हणजे थोरली बहीण. पण तिला आका म्हणणाऱ्या आम्ही दोघीच, मी आणि माझी वहिनी. बाकीच्यांसाठी तो खानावळवाला होता. कामावर असताना लुंगी, वर खाकी शर्ट आणि डोक्याला घट्ट बांधलेलं फडकं. फडक्याखाली कमरेपर्यंत केस. खानावळ आवरून दार लावून घेतलं की ती साडी नेसायची, वर मात्र तोच शर्ट. शेतात काम करणाऱ्या बायका साडीवर नवऱ्याचा शर्ट चढवतात, तशी दिसायची. फक्त त्यांच्या शर्टाखाली ब्लाउज असतो, हिच्या नव्हता.

ड्रायव्हर तिची थट्टा करत. "काय गो राणये, आज सुंगटां खंय गेली?" असं कुणी आमटीत कोळंबी शोधत म्हटलं की ती वाढता वाढता म्हणायची, "तुझी बायल येवन घेवन गेली. सांगून गेली, माझ्या घोवाक नुसती कढी वाढ." मग सगळे हसत आणि तो मुकाट्यानं जेवे. पण कधी कुणी पिऊन यायचा आणि घाण बोलायचा. तेव्हा ती मोरीत जाऊन भांडी जरा जोरात घासायची.

दुपारी बाळ झोपलं की मी तिच्या मागच्या पायरीवर बसून रडत असे. घरची आठवण, दुसरं काही नाही. तिनं कधी कारण विचारलं नाही. एके दिवशी एक फाटका शर्ट आणि सुईदोरा माझ्या मांडीवर टाकला. "रडता रडता ह्यां शिव. हात रिकामे कित्याक ठेवतंस?" मी शिवलं. तिनं शर्ट उजेडात धरून फाटलेलं कुठं होतं ते शोधलं, आणि दुसऱ्या दिवशी माझं मनगट धरून मला बाजारात मास्तरांच्या दुकानात नेलं. "मास्तर, ह्या चेडवाचो हात बघ." मास्तरांनी बघितला. भाऊ आधी नाही म्हणत होता, मग बाळाचं कोण करणार? आका त्याला म्हणाली, "दुपारचां बाळ मी बघतंय. तुका रोज जेवण घालतंय, तेका एक वाटी पेज जड जातली?"

आज माझ्या घरात माझी स्वतःची शिलाई मशीन आहे आणि हाताखाली दोन मुली शिकतात. जे काही आहे ते त्या दुपारपासूनचं आहे. मी देवाला हात जोडते तेव्हा तिला धरून जोडते.

हे आत्ताच लिहायला बसले त्याचं कारण माझा मुलगा. इथल्या खाणी बंद पडल्यावर इकडची बरीच मुलं बाहेर गेली. माझा आफ्रिकेतल्या एका देशात खाणीवर मशीन चालवतो. मध्यंतरी फोनवर म्हणाला, आमच्या कॅम्पात कपडे धुवायला एक बाई येते. लोक म्हणतात ती बाई नाही. आता कुणी तिला कपडे देत नाहीत. तिथलीच पोरं सांगतात की असल्यांना इथे पोलीस त्रास देतात, काम देणाऱ्यालाही विचारतात. "आई, मी देऊ की नको?"

"दे," मी म्हटलं. "खिसे तपासून दे."

तो हसला. मग म्हणाला, "तुला भीती नाही वाटली?" वाटली होती. तो देश मला नकाशावर दाखवता येणार नाही. पण खाणीची धूळ, घरापासून तुटलेले पुरुष, आणि त्यांचं रांधणारी-धुणारी अशी एखादी, जिच्या हातचं सगळ्यांना हवं आणि जिला बाई म्हणायला कुणी तयार नाही, हे मला माहीत होतं. आता पेपरात तृतीयपंथी, ट्रान्सजेंडर असे शब्द वाचते. आमच्या वेळी बायल्या म्हणायचे. ती शिवी होती.

पावसात खाणी थांबत. ट्रक ताडपत्र्या ओढून उभे राहत आणि ड्रायव्हर आपापल्या गावी जात. त्या वर्षी भाऊ-वहिनीही देवगडला निघाले. पण शिंप्याचा खरा मोसम तोच. गणपतीच्या सणाला गोव्यात चवथ म्हणतात, आणि चवथीला नवा कपडा नाही असं घर नसतं. मास्तर भावाला म्हणाले, हिला ठेवून जा. भाऊ म्हणाला, ठेवू कुठं? आका म्हणाली, माझ्याकडे.

भावानं वहिनीला आत नेलं. पण भिंती पत्र्याच्या, मला सगळं ऐकू येत होतं.

"एका खोलयेत कशी ठेवतलंय? लोकां काय म्हणतीत?"

"लोकांचां माका म्हायत नाय," वहिनी म्हणाली. "मी माझां तान्हां पोर तिच्याकडे टाकून रोज पाण्याक जातंय. तेव्हा तुमका काय वाटूक नाय. आता काय वाटता?"

भाऊ बाहेर आला, आकाकडे न बघता म्हणाला, "सांभाळ हां हिका." आणि पिशव्या उचलायला लागला.

अशी मी आकाकडे राहायला गेले. खानावळ जवळजवळ बंदच होती. ती दिवसा दार लावून साडीतच वावरायची, मी दुकानातून आले की दोघी जेवायचो. मला तिथे देवगडपेक्षा बरी झोप लागायची, हे मी घरी कधी सांगितलं नाही.

श्रावण सरत आला आणि पेडण्याहून निरोप आला. आकाचं घर पेडण्याच्या पलीकडे एका गावात होतं. गावची एक बाई आकाला म्हापशाच्या बाजारात भेटली, तिच्याकडे आईनं सांगून पाठवलं होतं, चवथीक ये. तेवढंच.

बाप गेल्यावर घर थोरल्या भावाच्या हातात आलं होतं. त्यानं तिला सांगितलं होतं, यायचं असलं तर माणसासारखे कपडे घालून ये, नाहीतर येऊ नको. माणसासारखे म्हणजे पँट-शर्ट. तेव्हापासून ती गेली नव्हती. आईचं तोंड तिनं कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं. आता आईनं ये म्हटलं होतं, पण कशी ये ते म्हटलं नव्हतं.

"जातलंस?" मी विचारलं.

"जातलंय."

"कशी?"

"अशी." तिनं अंगावरच्या साडीला हात लावला. मग शर्टाची कॉलर चिमटीत धरून म्हणाली, "ह्यां सोडून."

थोड्या वेळानं, चुलीकडे तोंड करून, ती म्हणाली, "एकदाच जातलंय. घेतल्यानी तर घेतल्यानी. नायतर मगे डिचोलीच माझां घर. आवशीक परत सांगूक लावचंय नाय." हे तिनं अगदी सहज म्हटलं. पण त्या आठवड्यात दोनदा डाळ करपली.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली. हातात हिरवं कापड, साडीला जुळणारं. अंगावर लुंगी-शर्टच. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, दोघी बायका.

"कोणाचो?" मास्तरांनी कापड उलगडत विचारलं.

"माझो."

मास्तरांनी चष्मा वर सरकवला. ते घाईत होते की गोंधळले होते, मला कळलं नाही. त्यांनी नेहमीसारखा मापाचा ब्लाउज मागितला. "मापाचो हाड."

"नाय."

"आवशीचो तरी?"

"आवस पेडण्याक."

"मगे भयणीचो?"

"भयण नाय माका. भाव आसा. तेचो शर्ट हाडू?"

एक बाई फिस्कन हसली. दुसरीनं पदर तोंडाला लावला. मास्तरसुद्धा हसले, पण लगेच चूप झाले. "बघ," ते म्हणाले, "मी बायलांक टेप लावणंय नाय. ह्यां तुका म्हायत आसा. आनी तुका लावलंय, तर..."

ते तिथेच थांबले. टेप लावली तर हिला बाई मानलं नाही असं होणार. बाई मानली तर टेप लावता येत नाही. माणूस वाईट नव्हता, पद्धतीत अडकला होता. कापड परत घडी घालायचं की नाही, अशी आकाची बोटं त्यावर होती.

मास्तरांनी गळ्यातली टेप काढून माझ्या मांडीवर टाकली. "तू घेवन ये. घराकडे."

मी तोवर कुणाचं माप घेतलं नव्हतं. संध्याकाळी खोलीत दार लावून ती पाठमोरी उभी राहिली. पाठ घेतली, खांदा घेतला, दंड घेतला. खांद्याचा आकडा बघून मी पुन्हा एकदा टेप लावून खात्री केली. मग पुढे आले आणि हात थांबला. छाती किती धरायची, पुढे किती सोडायचं, हे विचारायचं कसं? ती भिंतीकडे बघत म्हणाली, "आसा तितक्या धर. उरलेलां पदर बघून घेतलो."

मी हसले तशी तीही हसली आणि टेप हातातून खाली पडली. उचलून मी माप लिहून घेतलं.

"टक्स मात्र घालूक सांग," ती म्हणाली. "टक्स नसले तर तो सदरो होतलो."

मास्तरांनी टक्स, म्हणजे छातीला गोलाई देणाऱ्या चुण्या, घातले. ब्लाउज कापला, शिवला आणि चवथीच्या दोन दिवस आधी हुक लावायला माझ्याकडे दिला. बाकी ढिगात तो एकटा मोठा, म्हणून चटकन दिसला. मी हुक हातात घेतले आणि पट्टी उलगडली तेव्हा माझ्या लक्षात आलं.

पुरुषाच्या शर्टाची डावी बाजू उजवीवर येते. बाईच्या ब्लाउजची उजवी बाजू डावीवर येते. शिवणाऱ्याच्या हाताला हे इतकं पाठ असतं की तो विचार करत नाही. ह्या ब्लाउजाची पट्टी शर्टासारखी होती.

पदराखाली कुणाला दिसणार होतं, हे मी मनाशी म्हणून बघितलं. पण चवथीच्या सकाळी ती आरशापुढे उभी राहील, हुक लावायला घेईल आणि तिचे हात शर्टच घालत असतील. पेडण्याच्या घरात बायका असतील आणि बायकांना असलं काही सांगावं लागत नाही.

मास्तरांना तोंडावर सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं. ते जेवायला गेले तसं मी ब्लेडनं पट्ट्या उसवायला घेतल्या. एक बाजू उसवून होते न होते तोच ते परत आले. छत्री विसरले होते.

"काय करतंस ता?"

मी ब्लाउज पुढे धरला. त्यांनी तो घेतला, सुलटा केला, उलटा केला, परत सुलटा केला. बाहेर पाऊस पत्र्यावर वाजत होता.

"खांद्याचो आकडो वाचलंय," ते शेवटी म्हणाले, "आनी हात शर्टार गेलो."

मग ते म्हणाले, "सर थंयसून," आणि मशीनवर बसले. जेवायला गेलेच नाहीत. दोन्ही पट्ट्या काढून अदलाबदल करून शिवल्या, वरून इस्त्री मारली. माझ्या हातात देताना बगलेची शिवण उलटून दाखवली. "भितर कापड सोडलंय. फुडल्या वर्सा घट्ट झालो तर सैल करून दितलंय, सांग तिका." मास्तरांच्या तोंडून 'तिका' मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्यांना बहुतेक कळलंही नसेल. त्यांनी छत्री घेतली, परत ठेवली आणि पुढचं कापड ओढलं.

चवथीच्या दिवशी दुकान बंद. मी एकटी राहू नये म्हणून आका म्हणाली, "तू पण चल. माका पण बरां." पहाटे उठून तिनं न्हाऊन केस विंचरले आणि ब्लाउज चढवला. हुक काही लागेनात. बोटं सवयीनं भलत्या बाजूला जात होती.

"हात उलटे चलतत गो."

"दाखव."

"नको, माका जमतलां." पहिला तेवढा मी लावून दिला, बाकीचे तिनं लावले. खूप वेळ लागला. मग ती आरशापुढे उभी राहिली आणि मी उगाच पिशवी परत भरायला घेतली.

डिचोलीच्या स्टँडवर तिला कुणी ओळखलं नाही. खानावळीतला एक क्लीनर समोरून गेला, दोनदा वळून बघितलं आणि खांबाला धडकला. म्हापशाला गाडी बदलली. आम्ही कशाबशा बसलो आणि मग आत पाय ठेवायला जागा उरली नाही. गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीसाठी लोकांनी नारळाच्या पेंडी, सुपाऱ्यांचे घोस, चिबडं असलं काय काय आणलेलं. आमच्या शेजारी उभ्या बाईनं कडेवरचं पोर आकाच्या मांडीत ठेवलं. "जरा धर गो, माझी पिशी सांडता." आकानं धरलं. पोर तिच्या बांगड्या ओढत राहिलं. कोलवाळचा पूल गेला, पेडण्याचा स्टँड आला, तरी त्या बाईनं ते परत मागितलं नाही आणि आकानं दिलं नाही. उतरताना मात्र द्यावं लागलं.

गावात पोचलो तेव्हा आकाची चाल मंदावली. मला वाटत होतं, कुणीतरी दगड मारेल. कुणी मारला नाही. दोन पोरं बघत राहिली, एका म्हाताऱ्यानं रामराम केला. त्यानं ओळखलं नसावं.

घराच्या सोप्यावर भाऊ चटई झाडत होता. आम्हाला बघून तो थांबला. चटई हातातच. आईही आतून आली. लहानशी बाई, हातांना पीठ. तिनं आधी माझ्याकडे बघितलं.

"ह्यां कोणाचां चेडू?"

"माझ्या खोलयेर रवता," आका म्हणाली. "देवगडची. घराकडे जावक मेळला नाय तिका."

"ये गो बाय," आई मला म्हणाली. आकाला काही म्हणाली नाही. तिच्याकडे मात्र बघत होती, वरपासून खालपर्यंत, आणि खालून परत वर. मग वळून आत गेली. भावानं चटई झाडायला घेतली, झाडून झालेली.

आम्ही तुळशीपाशी उभ्या राहिलो. जायचं की थांबायचं, कुणी सांगेना. आका माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न करत होती आणि मला वाटत होतं, ही आत्ता मागे फिरेल आणि मग परत कधीच येणार नाही.

आतून आवाज आला. "पाय धुवन येवा दोघांय. नेवऱ्यो तश्योच पडल्यो आसत माझ्यो."

तिची आई तिला जुन्याच नावानं हाक मारत राहिली, पुरुषाच्या. आका त्या नावाला ओ देत होती. स्वयंपाकघरात पाट टाकून आम्ही नेवऱ्या भरायला बसलो, म्हणजे आमच्याकडच्या करंज्याच. तिची वहिनी चुलीपाशी होती. नेवऱ्या तळता तळता ती म्हणाली, "साडी बरी नेसलंस."

"रोजची सवय आसा," आका म्हणाली.

"ब्लाउज खंय शिवलंस?"

"डिचोलेक. हिच्या मास्तरान."

वहिनीनं वाकून बघितलं, मान हलवली आणि खोबऱ्याचं सारण पुढे सरकवलं. त्यानंतर कामाचंच बोलणं चालू राहिलं.

पूजा झाली, आरती झाली. आम्ही बायका माजघराच्या दारातून बघितली. मग बाहेर पुरुषांची पंगत बसली. त्यांच्याकडेही आमच्यासारखंच, पुरुष आधी जेवायचे, बायका मागून. केळीची पानं मांडली गेली आणि भावाचा आवाज आला.

"पान मांडलां आसा. तेका भायर धाड."

मी दारातून बघितलं. भाऊ आणि त्यांचे चुलते यांच्या मधोमध एक रिकामं पान होतं. मीठ वाढलेलं, लोणचं वाढलेलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याच्या परीनं तो तिला घरात घेत होता. इतकी वर्षं न मांडलेलं पान त्यानं मांडलं होतं, फक्त ते बहिणीचं नव्हे, भावाचं पान होतं. आकानं जाऊन तिथे बसायचं, जेवायचं आणि सगळं सुरळीत व्हायचं.

स्वयंपाकघरात सगळ्यांचे हात थांबले. आका पाटावरून उठली नाही. तिच्या हातातली नेवरी तशीच अर्धी मिटलेली. ती आईकडे बघत होती. मला वाटतं, आईनं 'जा' म्हटलं असतं तर ती गेली असती, आणि मग संध्याकाळच्या गाडीनं आम्ही कायमच्या डिचोलीला आलो असतो.

आईनं हात पुसले. खतखत्याचं भांडं, म्हणजे चवथीला करतात ती खूप भाज्यांची पातळ भाजी, चुलीवरून उतरवलं आणि पळी आत टाकून आकापुढे ठेवलं.

"खतखतां तू वाढ," ती म्हणाली. "भात वयनी घेता."

आकानं पदर कमरेला खोचला आणि भांडं उचललं. मी मीठ-लिंबाचं ताट घेऊन तिच्या मागे दारापर्यंत गेले. ती पंगतीत उतरली. पहिल्या दोन पाहुण्यांनी वाढून घेतलं, एकानं वर बघितलं आणि खाली बघितलं. मग चुलत्यांचं पान. त्यांनी पानावर आडवा हात धरला. "नाका माका," ते म्हणाले. ती पुढे सरकली आणि रिकाम्या पानापाशी येऊन उभी राहिली, हातात पळी.

भाऊ तिच्या पायांकडे बघत होता. सोप्यावर एक पोर गणपतीला हाका मारत होतं. मग भावानं ते रिकामं पान दोन्ही हातांनी उचललं, मीठ सांडू नये अशा बेतानं कडा वर करून, आणि दारात मी उभी होते तर माझ्याकडे केलं.

"ह्यां भितर व्हर," तो म्हणाला.

मी घेतलं. त्यानं आपलं पान सरळ केलं आणि मान वर न करताच तिला म्हणाला, "वाढ." तिनं वाढलं. चुलते खतखत्याशिवाय जेवले, पण उठून गेले नाहीत.

आमची पंगत बसली तेव्हा उन्हं कलली होती. मी ते पान आकापुढे ठेवलं. मीठ त्यावर होतंच. शाळा सुटली तेव्हापासून ही मागाहूनची पंगत माझ्या मनात सलत आली आहे, मागचं उरलेलं, गार झालेलं, आणि कुणी विचारतसुद्धा नाही की तुम्ही कधी जेवलात. आणि इथे एक जण त्याच पंगतीत बसायला मिळावं म्हणून जिवाची बाजी लावून आली होती. मला काय वाटावं ते कळेना. मी वरण कालवत राहिले.

आका पहाटेपासून उपाशी होती. पहिले चार घास तिनं मान वर न करता खाल्ले. मग पाणी प्यायली आणि आईला म्हणाली, "आये, तुमी सगळ्यो दर वर्सा हेव्हडो वेळ उपाशी रवतात?"

"मगे काय तर," आई म्हणाली. "आता कळला तुका."

वहिनीला ठसका लागला. हसूच आवरेना तिला. आईनं तिच्या पाठीवर एक हात मारला आणि दुसऱ्या हातानं आकाच्या पानावर भात ओढला.